ताईच्या भिंतीवरची काच

घरात शिरल्यावर तो आधी काहीच बघत नसे. दाराशीच उभा राहून म्हणे, "खिडक्या लावून घ्या, पंखा बंद करा आणि थोडा वेळ कुणी बोलू नका." मग डोळे मिटून नुसता वास घेई. घर दाखवणारे एकमेकांकडे बघत. हा माणूस घर तपासायला आलाय की ध्यान लावायला, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं असे. पण मुरलेल्या पाण्याला वास असतो. कितीही रंग फासा, अत्तर शिंपडा, भिंतीच्या पोटातली ओल नाकाला कळतेच. निदान त्याच्या नाकाला कळे.

नाकानंतर कान. खिशातून तो एक जुना स्क्रूड्रायव्हर काढी आणि त्याच्या लाकडी मुठीने भिंत ठोकत ठोकत खोलीभर फिरे. गिलावा घट्ट असला की आवाज टणक येतो, मागून सुटला असला की भद्द येतो. ही सवय लहानपणापासूनची. शाळेत जायच्या आधीपासून तो दिसेल ते ठोकून बघायचा. दारं, पेट्या, पाण्याची पिंपं, एकदा तर पाहुण्यांचं टक्कलसुद्धा. म्हणून त्याच्या थोरल्या बहिणीने त्याचं नाव ठेवलं ठोक्या. पुढे त्याने त्याच ठोकण्यावर संसार केला. लोक घर विकत घेण्याआधी त्याला बोलावत आणि तो सांगे की छप्पर कुठे गळतं, कुठल्या भिंतीला लोणा लागून पापुद्रे सुटलेत, कुठली भेग नुसती गिलाव्याची आणि कुठली पायापर्यंत गेलेली. गिऱ्हाइकं त्याला साहेब म्हणत, गवंडी मास्तर म्हणत. ठोक्या म्हणणारी मात्र जगात एकच उरली होती, ती म्हणजे ताई.

त्याला फसवणं सोपं नव्हतं. घर विकायचं ठरलं की लोक भिंतींना पावडर लावतात, असं तो म्हणे. नेमक्या डागासमोर कपाट येतं, नेमक्या भेगेवर कॅलेंडर लागतं. एका घरात मालकाने वडिलांची भलीमोठी तसबीर भिंतीवर चढवली होती. तसबिरीला हात लावायचा नाही, भावनेचा प्रश्न आहे, असं तो वारंवार बजावत होता. ठोक्याने हात जोडले, तसबीर अलगद उतरवली आणि मागच्या काळ्या-हिरव्या बुरशीकडे बघत म्हणाला, "वडिलांच्या मागे बरंच पाणी आहे." मालकालाही शेवटी हसू आवरलं नाही.

तर असा हा चौकस माणूस. परक्यांच्या घरात कपाटं हलवून मागे डोकावणारा, गुडघ्यावर बसून कोपरे बघणारा. एकाच घरात मात्र त्याने उभ्याउभ्या बघितलं, आणि ते घर त्याच्या सख्ख्या बहिणीचं होतं.

ताईचं घर बैठं होतं. पुढे दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून एक लहानशी खोली. दाराशी कुंड्या, मागे कपडे वाळत घालण्यापुरतं अंगण. मेव्हण्यांनी ते स्वतः उभं राहून बांधून घेतलं होतं. ते गेल्यावर ताई तिथे एकटी राहायला लागली. मुलगा गावाच्या दुसऱ्या टोकाला, नव्या इमारतीत. तो आणि सूनबाई तिला आमच्याकडे ये म्हणून सारखे बोलावत. ती म्हणे, "येईन रे, हातपाय चालेनासे झाले की येईन. अजून माझं मला होतंय."

मेव्हण्यांना जाऊन फार दिवस झाले नव्हते, तेव्हा मागच्या खोलीच्या कोपऱ्यात भेग दिसली. ताईने भावाला फोन केला. तो आला, त्याने भेग बघितली आणि त्याचा चेहरा उतरला. वर रुंद, खाली निमुळती. म्हणजे कोपरा खचतोय. बाहेर जाऊन त्याने खोदायला लावलं, तर जमिनीखालचा सांडपाण्याचा पाइप सांध्यात फुटलेला. कित्येक महिने पाणी गुपचूप कोपऱ्याखालची माती धुऊन नेत होतं. मग त्याने हातातली कामं पुढे ढकलली. पाइप बदलला, पाया उघडून खालची पोकळी काँक्रीटने भरून घेतली. ते काम चाललं तेवढे दिवस तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत ताईकडेच होता. दुपारी अंगणात पाटावर बसून जेवायचा. ताई वाढता वाढता जुन्या गोष्टी काढायची. तो टकलाला ठोकून बघितलेला पाहुणा, आईने त्यासाठी दिलेला धपाटा, आणि मग पाहुण्यानेच "पोराने बरोबर ओळखलं, आत पोकळच आहे" म्हटलेलं. दोघं हसून हसून बेजार व्हायची. गवंडीसुद्धा हातातली थापी ठेवून ऐकत बसायचे. नवरा गेल्यापासून त्या घरात एवढं हसू कुणी ऐकलं नव्हतं.

काम संपल्यावर त्याने भेगेवर आडवी एक काचेची पट्टी चिकटवली. बोटभर रुंद, पातळ, दोन्ही टोकांना सिमेंटचा ठिपका.

"हे कशाला रे? भिंतीला पट्टी बांधतोस होय?"

"भिंत अजून हलते का ते कळायला. काच ताणली जात नाही. भिंत केसाएवढी जरी सरकली तरी ती तडकते. तडकली की मला फोन करायचा."

"आणि नाही तडकली तर?"

"तर मग उत्तमच. काळजी मिटली."

काच तडकली नाही. पहिले काही महिने तो येऊन बघून जाई. मग येणं कमी झालं आणि फोन सुरू झाले. कामं वाढली होती. नव्या इमारती उठत होत्या आणि जुन्या गळत होत्या. गाडीतून, जिन्यातून, कुणाच्या तरी गच्चीवरून तो फोन करी.

"ताई, काच ठीक आहे ना?"

"आहे की. अरे, मी काय म्हणत होते, या रविवारी..."

"ठीक आहे ना, मग झालं. ठेवतो गं, खाली गिऱ्हाईक उभं आहे."

आपण बहिणीची चौकशी करतो, असंच त्याला वाटायचं. बायको कधी म्हणायची, "ताईंकडे जाऊन या ना," तर तो सांगायचा, "कालच बोललो. सगळं ठीक आहे." त्याच्या मते सगळं खरंच ठीक होतं. काच शाबूत होती.

वर्ष उलटून गेलं आणि एका सकाळी ताईचा फोन आला. "ठोक्या, काच फुटली रे."

तो हातातलं काम टाकून धावत आला. बाहेरचा कोपरा बघितला, पाइप तपासला, वर छपरावर चढून पन्हळी बघितल्या. कुठे पाण्याचा थेंब नाही. डोकं खाजवत बसला. तोवर दुपार झाली, ताईने पान वाढलं, आणि जेवून तो अंगणातल्या सावलीत चक्क आडवा झाला. संध्याकाळी चहा पिऊन, नवी पट्टी लावून गेला. जाताना म्हणाला, "एखादे वेळी नवीन काँक्रीट बसताना होतं असं. लक्ष ठेव."

ताईने लक्ष ठेवलं. काही महिन्यांनी काच पुन्हा फुटली. मग पुन्हा. कधी उन्हाळ्यात, कधी थंडीत, कधी वर्षातून तीनदा. पहिल्यांदा धावत आलेला तो पुढेपुढे वेळ काढून यायला लागला आणि मग कुठल्यातरी दोन कामांच्या मध्ये. बूट न काढता मागच्या दाराने यायचा. काच लावलेली जागा होती गुडघ्याएवढ्या उंचीवर, पलंगाच्या आडोशाला, आणि आता त्याचे गुडघे कुरकुरायचे. वरूनच टॉर्च मारायचा, फोन खांद्याने कानाशी धरायचा आणि त्याच अवस्थेत कसाबसा वाकून जुनी पट्टी खरवडून नवी चिकटवायचा. खरवडलेले तुकडे खाली पडायच्या आत ताई सुपली पुढे करायची. "राहू दे, राहू दे, पायात जातील," म्हणत भराभर गोळा करून बाहेर नेऊन टाकायची. त्याला वाटायचं, ताईची स्वच्छता जात्याच अशी.

"बस ना जरा. चहा टाकते."

"उभ्याउभ्याच घेतो. दे लवकर."

ताई चहा द्यायची. तो पिता पिता फोन वाजायचा आणि फोन वाजला की ती त्याच्या हातातून कप घ्यायला आपणहून हात पुढे करायची. तो निघाला हे तिला त्याच्याआधी कळायचं.

एक गोष्ट त्याला आतून खात होती. पाणी कुठलं ते सापडत नव्हतं. ओलावा मोजायचं यंत्र भिंत कोरडी दाखवत होतं. ओळंब्याची दोरी सोडून बघितली तर भिंतीचा कल होता तेवढाच, पहिल्या वर्षीचा. ठोकली तर आवाज टणक. नाक म्हणे काही नाही, कान म्हणे काही नाही, फक्त काच म्हणे भिंत हलतेय. दुसऱ्या कुणाचं घर असतं तर तो या कोड्याच्या मागे हात धुऊन लागला असता. ताईच्या घराला तो म्हणे, "बघू, निवांत बघू एकदा." तो निवांतपणा काही आला नाही.

मग ताईला चक्कर आली. फारसं काही नव्हतं, नाश्ता न करता कुंड्या हलवायला गेली होती. पण शेजारणीने मुलाला कळवलं, आणि मुलगा नि सूनबाई तातडीने आले. तिला एकटं ठेवायचं नाही असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. ताई ऐकेना. शेवटी भाच्याने मामाला बोलावलं.

त्या दिवशी सगळे मागच्या खोलीतच जमले होते. ताई पलंगावर बसली होती, सूनबाई तिच्या शेजारी, भाचा खिडकीशी.

"मामा, आमचं ती ऐकत नाही," भाचा म्हणाला. "म्हणते, घर चांगलं धडधाकट आहे, मी का सोडू. तुम्हीच काय ते सांगा. घर राहण्यासारखं आहे का नाही?"

"ठोक्या म्हणेल ते मला मान्य," ताई म्हणाली. आवाजात अजिबात काळजी नव्हती. आपला भाऊ घर बघेल, भिंत ठोकेल आणि म्हणेल की हे घर आपल्या सगळ्यांना पुरून उरेल, असा तिचा हिशेब होता.

त्याने ओळंबा सोडला. यंत्र लावलं. भिंत ठोकली. मग टॉर्च खाली वळवला. काच पुन्हा फुटलेली होती. याच आठवड्यात फुटली असावी, भाच्याने त्याला बोलावण्याआधी.

त्याने टॉर्च विझवला आणि म्हणाला, "ताई, मला हे आवडत नाहीये."

"काय आवडत नाहीये?"

"ही काच. एवढी वर्षं मी म्हणतोय, बसेल, बसेल. बसत नाहीये. पायाखाली कुठेतरी पाणी चालू आहे आणि ते मला सापडत नाही. सापडत नाही तेच वाईट."

"बाकी सगळं तर बरोबर आहे म्हणालास मागे."

"ओळंबा झालं ते सांगतो गं. काच काय होतंय ते सांगते."

ताईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "काच काय, अशीही फुटते की. धक्काबिक्का लागून. पलंग सरकला, केरसुणी लागली."

"एकदा लागेल. दर वेळी?" तो हसला. कामातल्या माणसाचं, समजूत घालणारं हसू. "ताई, या धंद्यात केस पिकवले मी. काच उगाच फुटत नाही."

"तुझ्या डोळ्यांना काय दिसतं ते सांग ना. त्या काचेचं राहू दे."

"माझ्या डोळ्यांचा प्रश्नच नाही."

ताईने त्याच्याकडे बघितलं. मग मुलाकडे, मग सुनेकडे. काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं होतं हे त्याला नंतर अनेकदा आठवलं. त्या वेळी त्याला वाटलं, ती थकली. ती एवढंच म्हणाली, "बरं तर."

भाच्याने सुटकेचा निःश्वास टाकला. सूनबाईने सासूच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "तुमच्या कुंड्या सगळ्या नेऊ आपण. गॅलरीत चांगलं ऊन येतं." ती मनापासून म्हणाली होती. त्या घरात वाईट कुणीच नव्हतं.

त्या दिवशी त्याने नवी पट्टी लावली नाही. आता तिचं काही काम उरलं नव्हतं.

ताई मुलाकडे राहायला गेली. चौथा मजला, लिफ्ट, गुळगुळीत भिंती. कुंड्या सगळ्या नेल्या, पण गॅलरीत वारा फार, त्यांतल्या निम्म्या मेल्या. सून स्वयंपाकघरात काही करू देत नसे, तीही काळजीपोटीच. दुपारभर ताई खिडकीशी खुर्ची टाकून बसे. ठोक्या सुरुवातीला एकदा जाऊन आला. "कशी आहेस?" "बरी आहे." मग विचारायला काही सुचेना. काच ठीक आहे ना, हे विचारायची सोय राहिली नव्हती. त्यानंतर फोनही विरळ झाले.

घर एका बांधकामवाल्याला विकलं गेलं. त्याला घर नकोच होतं, जागा हवी होती. पाडण्याचं काम ज्या मुकादमाकडे आलं तो ठोक्याच्या ओळखीचा, अनेक वर्षांचा. त्याचा एका सकाळी फोन आला.

"मास्तर, जरा येऊन जाता का? तुमच्या ताईंच्या घरावर आहे. तुम्ही पोरांना बजावलं होतंत ना, मागच्या कोपऱ्याला सांभाळून, अंगावर येईल म्हणून?"

"हो. का, कुणाला लागलं का?"

"लागतंय कसलं. येऊन तर बघा."

तो गेला. पुढच्या दोन खोल्या राहिल्या नव्हत्या. स्वयंपाकघराच्या जागी विटांचा ढीग होता. आणि त्या सगळ्या पसाऱ्यात मागच्या खोलीचा कोपरा एकटा, ताठ उभा होता. दोन गडी आलटून पालटून त्यावर घण घालत होते. प्रत्येक घावाला टणक आवाज येत होता. तो आवाज त्याने रस्त्यावरूनच ओळखला.

"कालपासून चाललंय," मुकादम म्हणाला. "बाकीचं घर पत्त्यांच्या बंगल्यासारखं पडलं. हा कोपरा काही दाद देत नाही. आणि तुम्ही म्हणता पडायला आलाय. मास्तर, म्हातारपण आलं का काय तुम्हाला?"

ठोक्या हसला नाही. पायाशी खणलेला खड्डा होता, त्यात तो उतरला. त्याने स्वतः भरून घेतलेलं काँक्रीट तसंच होतं, कुठे केसभर चीर नाही. त्याखालची माती त्याने मुठीत घेऊन दाबली. कोरडी, घट्ट, वर्षानुवर्षं न हललेली. इथे पाणी नव्हतं. पाइप बदलल्या दिवसापासून इथे पाणी आलंच नव्हतं.

खड्ड्यातून वर येताना त्याचे डोळे भिंतीच्या आतल्या अंगाला गेले. छप्पर उतरल्यामुळे त्या कोपऱ्यावर पहिल्यांदाच लख्ख ऊन पडलं होतं. गुडघ्याएवढ्या उंचीवर ती शेवटची पट्टी अजून चिकटलेली होती. तो दुखऱ्या गुडघ्यांवर खाली बसला. चष्मा पुसला.

भिंत सरकली की काच भेगेवर तडकते, भेगेच्या बरोबर वर, सरळ रेषेत. ही तडकली होती भेगेच्या अंगठाभर डावीकडे. तिथे एक बारीक पांढरा ठिपका होता, आणि त्या ठिपक्यापासून चिरा चहूकडे पसरल्या होत्या. कुणीतरी कशाच्या तरी टोकाने तिथे टिचकी मारली होती. परक्या घरात हे त्याला दारातून दिसलं असतं.

तो तिथेच बसून राहिला. त्याच्या डोळ्यांसमोर सुपली आली. राहू दे, राहू दे, पायात जातील.

मुकादमाला वाटलं त्याला उन्हाचा त्रास झाला. "पाणी देऊ का, मास्तर?"

"नको." मग तो म्हणाला, "ही भिंत राहू देता येणार नाही का रे?"

"एकटी भिंत ठेवून काय करायचं?" मुकादम म्हणाला.

तिथून तो थेट भाच्याकडे गेला. भाचा कामावर होता. सूनबाईने दार उघडलं, "मामा, तुम्ही, आणि असे अचानक?" म्हणत आत नेलं आणि चहा ठेवायला गेली. ताई खिडकीशी होती. पहिल्यापेक्षा लहान दिसत होती. त्याच्या मळलेल्या पँटीकडे बघून म्हणाली, "आज काय तपासायला आलास?"

त्याने बूट काढले होते. तिच्यासमोर खुर्ची ओढून तो बसला.

"घरावर गेलो होतो. मागचा कोपरा पाडवत नाहीये त्यांच्याने."

ताई बाहेर बघत राहिली.

"ताई, भिंत शाबूत होती."

"असेल."

"कशाने फोडायचीस?"

"पहिल्यांदा खरंच केरसुणी लागली. तुझी शपथ. मी घाबरून फोन केला, आता ठोक्या ओरडणार. तू आलास ते दिवसभर राहिलास. जेवलास, झोपलास अंगणात." तिने मांडीवरच्या साडीची सुरकुती सारखी केली. "नंतर चमच्याने. उलट्या बाजूने एकदाच टिचकी मारली की जायची."

"अगं, नुसतं ये म्हणायचं ना."

"म्हणायचे." ती शांतपणे म्हणाली. "तू काच ठीक आहे ना विचारून ठेवायचास."

स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज आला. त्याने खाली मान घातली. त्याला त्याचेच फोन ऐकू येत होते, गाडीतले, जिन्यातले. या रविवारी, एवढंच म्हणून तुटलेलं ताईचं वाक्य कितीदा तरी. त्या रविवारी काय होतं ते त्याने कधी विचारलंच नव्हतं.

"त्या दिवशी तरी सांगायचंस. सगळे होते तेव्हा."

"सांगणार होते. तोंडाशी आलं होतं." ती त्याच्याकडे वळली. "तू म्हणालास, केस पिकवले या धंद्यात. आता पोरासमोर, सुनेसमोर तुला खोटं पाडू? आणि माझी काय शोभा राहिली असती? म्हातारी भावाला बोलवायला काचा फोडते. आयुष्यभर चिडवलं असतं मला. म्हटलं, याला दिसेल. एवढं सगळ्या गावाचं दिसतं याला, आपलं दिसेल. म्हणून तर म्हटलं तुला, डोळ्यांना काय दिसतं ते सांग."

चूक कुणाची, हे त्याला पुरतं कळलं होतं आणि ती दुरुस्त करायला आता जागेवर एकच कोपरा उभा होता, तोही संध्याकाळपर्यंत.

सूनबाईने चहा आणला. "मामा, बसा हं निवांत. आई कुणाशी बोलतच नाहीत फारशा. तुमच्याशी बोलतायत तर बरं वाटलं." कप ठेवून ती आत गेली.

दोघं चहा प्यायला लागली. ताईने वर छताकडे बघितलं. "इथे बघ, काही म्हणजे काही होत नाही. गळत नाही, फुगत नाही. भेग म्हणून नाही कुठे."

त्यानेही वर बघितलं. कोपऱ्यात, पडद्याच्या दांडीच्या वर, रंगाची एक बारीकशी छटा होती. "तिथे जरा वेगळं दिसतंय. ओल असू शकेल. लक्ष ठेवायला लागेल. पुढच्या आठवड्यात येऊन बघतो."

"ती सावली आहे," ताई म्हणाली. "खोटं बोलायला तुला लहानपणापासून जमत नाही. पण ये."

एवढ्यात त्याचा फोन वाजला. तो सवयीने अर्धा उठला, आणि ताईचा हात सवयीने कपासाठी पुढे आला. तो हात बघून तो पुन्हा खाली बसला. बसूनच बोलला. "हं. हं. बरं. पोरांना लागलंबिगलं नाही ना? बरं."

फोन त्याने खिशात ठेवला नाही, बंद करून खिडकीत ठेवला.

"कोण होतं?"

"मुकादम." त्याला दुसरं काही सुचलं नाही. "पडला कोपरा."

ताईने मान हलवली आणि खाली रस्त्याकडे बघितलं.

"सहज पडला?" तिने विचारलं.

"नाही. घाम काढला म्हणतो सगळ्यांचा."

"काढणारच," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात क्षणभर पूर्वीची ताई आली. "यांनी उभं राहून बांधून घेतली होती ती भिंत. एकेक वीट स्वतः ठोकून बघितली होती. तुझ्यासारखी." मग तिने त्याच्या कपात डोकावून बघितलं. "गार झाला तुझा. सुनेला सांगू का दुसरा टाकायला?"

"सांग," तो म्हणाला. "आणि त्या रविवारचं काय म्हणत होतीस गं, फोनवर?"

"कुठल्या रविवारचं?"

"कुठल्याही."

ताईने आठवायचा प्रयत्न केला. कपाळाला आठ्या घालून, प्रामाणिकपणे केला.

"आता नाही रे आठवत," ती म्हणाली.